वेज विकताय ना, मग बाउन्स सांगा की!

डोकं फिरलंय माझं, खरंच सांगतो. गोल्फचा साधा वेज घ्यायचाय, म्हणजे जवळून बॉल उंच उडवायचा तिरक्या तोंडाचा क्लब; ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, बाजूला येऊन तीन-तीन चार-चार शॉट वाया जातात ते कमी करायचेत, बस, एवढंच मागणं आहे. आणि त्यासाठी दुकानात जा, फोन करा नाहीतर ऑनलाइन शोधा, सगळीकडे एकच पाठ केलेलं उत्तर, "५२-५६-६० घ्या सर, सगळे हेच घेतात." हे आकडे लॉफ्टचे, म्हणजे क्लबचं तोंड किती डिग्री मागे कललंय त्याचे. अरे सगळे घेतात म्हणून मी का घेऊ? सेटमधे आधीच येणारा माझा पिचिंग वेज किती डिग्रीचा आहे हे एकाने तरी विचारलं का आधी?

तिथूनच तर सुरुवात होते ना सगळी. पूर्वी पिचिंग वेज ४८ च्या आसपास असायचा, म्हणून त्यानंतर ५२, ५६ हा हिशोब बरोबर बसायचा. आता बॉल लांब जातो असं दाखवायला कंपन्यांनी आयर्नचे, म्हणजे सेटमधल्या लोखंडी तोंडाच्या क्लबचे, लॉफ्ट कमी कमी करत आणलेत, नवशिक्यांसाठीच्या सेटमध्ये पिचिंग वेज ४३-४४ चा येतो, काहींत ४१ चा पण येतो. मग ४४ नंतर थेट ५२ घेतला तर मधे आठ डिग्रीचं भगदाड, आणि बॉल ९५-१०० यार्डांवर पडला की हातात त्या अंतराचा क्लबच नाही. चार-पाच-सहा डिग्रीच्या अंतराने पुढे जायचं, ४८, ५४, ५८ असं काहीतरी, आणि बॅगेत १४ च्या वर क्लब चालत नाहीत म्हणून एखादा लांब मारायचा हायब्रिड क्लब काढून ठेवायचा. एवढा साधा हिशोब आहे, विकणाऱ्याला तो येऊ नये?

पण लॉफ्टचं सोडा, माझा खरा संताप बाउन्सवर आहे. क्लबचा तळ, म्हणजे सोल, लीडिंग एजच्या, म्हणजे पुढच्या कडेच्या, किती खाली उतरतो तो कोन म्हणजे बाउन्स. जास्त असला की क्लब मऊ जमिनीत रुतत नाही, सरकून पुढे जातो, कमी असला की कडक जमिनीवर बॉलच्या खाली घुसतो. ऑनलाइन बघा, "सँड वेज ५६, उजव्या हाताचा, स्टील शाफ्ट", संपलं. बाउन्स ८ की १४, ग्राइंड, म्हणजे तळ घासून दिलेला आकार, कुठला, काहीच नाही. हापूसच्या पेटीवर नुसतं "आंबा" लिहून विकल्यासारखं झालं हे! फोन करून विचारलं तर दुकानवाला म्हणतो, "सर, बाउन्सचं एवढं काही नसतं, ते प्रो लोकांसाठी असतं." अहो उलट आहे सगळं! प्रोच्या हातात कला असते, तो कुठल्याही क्लबने बॉल काढेल. चुकलेल्या शॉटला सांभाळून घ्यायला बाउन्स लागतो तो तुमच्या-आमच्यासारख्यांना. जुन्या काळातल्या अमेरिकन गोल्फर जीन साराझेनने नेहमीच्या क्लबच्या तळाला सोल्डर चढवून मागची कड खाली आणली आणि तोच क्लब घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली, आजचा सँड वेज तिथून आलाय. म्हणजे बाउन्स हाच सँड वेजचा जीव आणि हे म्हणतात काही नसतं!

आणि आम्ही राहतो कुठे? रत्नागिरीत. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत टर्फ असं भिजलेलं असतं की कमी बाउन्सचा वेज कुदळीसारखा आत जातो, आणि एप्रिल-मे मधे तीच जांभ्याची जमीन एवढी टणक होते की १४ बाउन्सचा वेज आपटून वर उडतो आणि बॉलच्या पोटात कड बसते, बॉल ग्रीनच्या पलीकडे. भाट्याच्या किनाऱ्यावर सरावाला जा, तिथे तर दोन्ही एका जागी दिसतात. ओहोटीला पाण्याजवळची वाळू ओली, घट्ट, तिथे जास्त बाउन्स नुसता टणकन उडतो. वर सुरूच्या बनाकडे भुसभुशीत कोरडी वाळू, तिथे कमी बाउन्सवाला गपकन रुततो आणि बॉल जागचा हलत नाही. चार पावलांत फरक कळतो हो, पोराला पण कळेल. मग कुठे खेळता, जमीन कशी, बंकरमधे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, वाळू किती, हे विचारायला तोंड दुखतं का? सल्ला देणारे सगळे व्हिडिओ बघून बोलणार, तिकडच्या मखमली गवताचं ज्ञान इकडे आमच्या हरळीवर आणि जांभ्यावर लावणार.

ड्रायव्हरसाठी, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबसाठी, मात्र दुकानात मशीन, स्क्रीन, स्पिनचे आकडे, सगळा थाट. वेजसाठी काय, तर नकली गवताची एक मॅट. मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे पडला तरी सरकत जाऊन बॉल छान उडतो, गवतावर तोच शॉट डफ, क्लब आधी जमिनीतच. मॅटवर बाउन्स कळतच नाही, कळणार कसा? गवताचा एक तुकडा, वाळूची एक पेटी ठेवायला काय खर्च येतो यांना?

सेकंड हँडची तर बोलूच नका. "कंडिशन टॉप" म्हणायचं आणि फोटो लांबून, फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, जवळचा फोटो मागितला की उत्तर बंद. ग्रूव्ह, म्हणजे त्यावरचे चर, घासून गुळगुळीत झालेले असतात, पावसात ओल्या बॉलवर अशा वेजने स्पिन येईल कशी? परत २०१० ला ग्रूव्हचे नियम बदलले, त्याआधीचा माल असला तर तेही सांगत नाहीत. रॉ फिनिशवाला वेज खाऱ्या वाऱ्यात आठवडाभरात तांबूस पडतो, त्याला प्लेटिंगच नसतं, खेळायला फारसा फरक पडत नाही हे मला माहितीये, पण समुद्राकाठच्या गिऱ्हाईकाला हे आधी सांगायला नको?

आता मला हवाय ५४ डिग्री, बाउन्स १० ते १२, आणि ५८ डिग्री, बाउन्स ६ च्या आसपास, उन्हाळ्यासाठी. स्पष्ट सांगितलं. दुकानवाला म्हणतो ६० चा घ्या, स्टॉकमधे तोच आहे. पूर्ण स्विंग नीट न बसणाऱ्या माणसाच्या हातात ६० देणार हे, बॉल सरळ वर जाऊन पायाशीच पडणार! ५८ मागवून देतो म्हणाला, पण पैसे आधी, मारून बघायला मिळणार नाही, आणि बॉक्स उघडला की परत घेणार नाही. का म्हणून? एवढे पैसे मोजायचे आणि हातात धरून एक छोटी चिपसुद्धा मारायची नाही?