पी०३०३

थांबलेली गाडी जेव्हा लटलट कापू लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा मी सर्वप्रथम गाडीच्या आधीच्या मालकाला मनोमन शिव्या घातल्या. जुनी गाडी घेण्याचा हा एक न सांगितला जाणारा लाभ आहे: तिच्या प्रत्येक दुखण्याचे खापर फोडायला एक डोके आयतेच मिळते.

हा दिवा नुसता लागून राहिला, तर गाडी हळू चालवत घरी नेता येते. तो उघडझाप करू लागला, तर मात्र न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटत आहे, असे समजून गाडी थांबवावी. माझा दिवा स्थिर होता. मी नव्हतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये मी मोठ्या ऐटीत स्कॅनर खोचला आणि मोबाइलवर निकाल उमटला: पी०३०३. पी०३०० आला असता, तर मिसिंग, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल नीट न पेटणे, कुठल्या एका सिलिंडरला चिकटलेले नाही एवढेच कळले असते. इथे शेवटच्या तीनने थेट तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवले होते.

आता उरले काय, असे मला वाटले. पुष्कळ उरले होते. प्रत्येक सिलिंडरमध्ये डोकावणारा एखादा सेन्सर असतो, हा माझा समज साफ चुकीचा निघाला. इंजिनाचा कॉम्प्युटर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, वेगावर नजर ठेवतो. प्रत्येक ज्वलनाचा शाफ्टला एक धक्का बसतो. तो बसला नाही, की शाफ्ट त्या क्षणी किंचित रेंगाळतो, आणि त्या वेळी पाळी कोणाची होती हे कॉम्प्युटरला ठाऊक असते. गाडी जागच्या जागी मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू असताना एकेका सिलिंडरची हजेरी मिनिटाला ४०० वेळा लागते. मात्र हा मास्तर कोण गैरहजर एवढेच सांगतो, का गैरहजर हे सांगत नाही. ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज पुरवणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, कुठूनतरी आत शिरणारी चोरटी हवा, नीट न बसणारा व्हॉल्व्ह, यांपैकी काहीही असू शकते. यांतले प्लग मी दोनच महिन्यांपूर्वी स्वहस्ते बदलले असल्यामुळे ते संशयाच्या पलीकडे होते.

जाणकार सांगतात, की संशयित सिलिंडरची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवावी. कोड तिच्यामागे गेला, तर दोष कॉइलचा. त्याप्रमाणे मी तिसरी आणि पहिली कॉइल आपसांत बदलली, मेमरीतला कोड पुसला, एक चक्कर मारली, आणि कोड पुन्हा पी०३०३ आला. म्हणजे कॉइल निर्दोष! त्या आनंदात मी इंजेक्टरची चौकशी सुरू केली. सिलिंडर माझ्या उभे राहण्याच्या बाजूकडून नव्हे, तर माझ्या इंजिनात टायमिंग चेनच्या बाजूकडून मोजायचे असतात, हे कळायला आणखी दोन दिवस लागले. ज्याला मी तिसरा समजत होतो तो दुसरा होता, आणि ज्याला पहिला समजत होतो तो चौथा. दोन सज्जनांची विनाकारण झडती झाली होती.

दुसऱ्या वेळी मी खऱ्या तिसऱ्याची आणि खऱ्या पहिल्याची कॉइल आपसांत बदलायला घेतली. कॉइल काढलीच आहे, तर प्लगांची टोकेही पाहून घ्यावीत, म्हणून दोन्ही प्लग काढले, टोके उत्तम होती, आणि जो प्लग ज्या कॉइलखालून निघाला त्याला तिच्यासोबतच नव्या जागी पाठवले. चक्कर मारली. कोड पी०३०१! मी बोनेटवर थाप मारली, नवी कॉइल आणून पहिल्यावर बसवली, आणि गाडी पूर्वीइतक्याच निष्ठेने कापू लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, या साध्या नियमाचे मी काय केले होते, ते मला त्या क्षणी उमगले नाही.

अखेर मेकॅनिककडे गेलो. त्याने माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकली, पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, टोकाकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि वरची पांढरी चिनीमाती उजेडात धरून सावकाश फिरवली. तिच्यावर केसाएवढी एक काळी रेघ होती.

“हा पडलेला प्लग आहे, साहेब,” तो म्हणाला. “चीर गेलीय. ठिणगी टोकापर्यंत जाण्याआधीच इथून बाहेर पळते.”

माझ्या डोळ्यांसमोर दोन महिन्यांपूर्वीचा तो रविवार उभा राहिला: हातातून निसटलेला कोरा प्लग, फरशीवरचा तो टणत्कार, गाडीखाली पालथे पडून केलेला त्याचा शोध, आणि मग बाहीला पुसून, “काही झालेले दिसत नाही” असे म्हणत तिसऱ्या सिलिंडरमध्ये केलेली त्याची स्थापना.

“कोणी बसवला होता हा?” मेकॅनिकने विचारले.

“आधीच्या मालकाने,” मी म्हणालो.