चर्चला या, पण नाताळच्या रात्री नको

इंदूरच्या माझ्या मराठी मंडळींना एक आग्रहाचं सांगणं आहे. चर्च आतून बघायचं मनात असेल तर पहिल्यांदा २५ डिसेंबरला येऊ नका. त्या दिवशी जीपीओजवळच्या रेड चर्चला सगळं शहर लोटतं. लोक गव्हाणीचं दर्शन घेतात, लेकरांचे फोटो काढतात आणि गर्दीबरोबर बाहेर पडतात. त्यांचं स्वागतच आहे. पण आम्ही तिथे करतो काय, हे त्या गर्दीत कळत नाही. त्यासाठी एखाद्या साध्या रविवारी या आणि तास-दीड तास बसा.

मी मराठी ख्रिस्ती. आजोळ नगरचं, जन्म इंदूरचा. रामबागेतल्या एक काकू, ज्यांच्या घरी मी लहानपणापासून हरतालिकेच्या फराळाला जाते, त्यांनी परवा अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, आम्ही आलं तर चालतं का तुमच्यात? काही करावं लागतं का?" इतक्या वर्षांच्या घरोब्यात हा प्रश्न त्यांना विचारता आला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. चालतं, काकू. आणि काहीही करावं लागत नाही.

आधी चर्च कोणतं ते बघा. रेड चर्च हे रोमन कॅथलिकांचं, इंदूर धर्मप्रांताचं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च. तिथे मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, असते, पुतळे असतात, मेणबत्त्या असतात. रेसिडेन्सीच्या बाजूचं व्हाइट चर्च १८५८चं, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे आमच्या प्रोटेस्टंटांचं. ही मंडळी १९७० साली नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन झाली. आमच्याकडे पुतळे नसतात, क्रूस असतो, आणि उपदेश जरा लांबतो. हिंदीची उपासना वेगळी, इंग्रजीची वेगळी. वेळ एक दिवस आधी फाटकावर विचारून घ्या.

कपडे नेहमीचे, नीटनेटके. हिंदी उपासनेत बऱ्याच बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावरून पदर घेतात, म्हणून ओढणी जवळ असली तर बरं. चपलांचं दारात बघा, लोक काढत असतील तर काढा. दारात कोणी "जय मसीह की" म्हणालं तर नुसता नमस्कार केलात तरी छान. मोबाइल बंद, आणि फोटो अजिबात नको. डोळे मिटून बसलेल्या माणसाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढणं मला मुळीच पटत नाही.

मधल्या बाकावर बसा, म्हणजे पुढचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायची सक्ती नाही. समोर लाकडी फळीवर आकडे लावलेले दिसतील, ते त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. वाचन सुरू झालं की सगळीकडे पातळ पानांची सळसळ होते. तुम्ही चाचपडताय हे दिसलं की शेजारची बाई आपलं चेनच्या कव्हरचं बायबल तुमच्याकडे सरकवेल आणि ओळीवर बोट ठेवेल. तिचं बोट ओळीओळीने पुढे सरकत राहतं, तुम्ही फक्त वाचायचं. दानाची थैली आली की पुढे द्या, पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. काही ठिकाणी नव्या माणसाला उभं करून ओळख करून द्यायला लावतात. ही पद्धत मला आवडत नाही, लाजऱ्या माणसाला पुन्हा यावंसं वाटत नाही. तुम्हाला नको असेल तर हसून मान हलवा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जातात आणि भाकर घेतात. आपल्याकडे प्रसादाला नाही म्हणायचं नाही असे संस्कार, म्हणून पाहुणेही चांगल्या मनाने रांगेत उभे राहतात. तसं करू नका. कॅथलिकांच्या श्रद्धेने ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि ती फक्त दीक्षा घेतलेले कॅथलिकच घेतात. ती खिशात घालून घरी नेणं हे त्यांच्या जिवाला लागतं. आमच्या प्रभुभोजनाला, म्हणजे याच भाकरीच्या विधीला, बाप्तिस्मा आणि दृढीकरण (श्रद्धेची जाहीर कबुली) झालेले सभासदच जातात. तुम्ही बाकावर बसून राहा, पाय जरा बाजूला घेऊन इतरांना वाट द्या. यात तुमचा काही अपमान नाही, कोणी वळून बघणारही नाही.

आणि प्रभूची प्रार्थना कान देऊन ऐका. दोन्हीकडे ती असते. आजी ती मराठीत म्हणायची, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण म्हणजे इथे अपराध, आणि सोडणं म्हणजे क्षमा. याच इंदूर धर्मप्रांतातल्या सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या बाजूला भूमिहीन आदिवासींबरोबर काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ला त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ला राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तो सोहळा आपल्या इंदुरातच झाला. हे कळल्यापासून ती ओळ म्हणताना माझा आवाज दाटून येतो.

राहिला तो प्रश्न, जो काकूंनी विचारला नाही पण मला दिसला. बाटवतील का? उपासनेला बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर त्याला आधी शिकवण घ्यावी लागते, कॅथलिकांकडे ती महिनोन्महिने चालते. आणि पहिल्याच दिवशी कोणी तुमच्या मागे लागलं तर सरळ नाही म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पहिल्या भेटीला गुड फ्रायडेही नको. आमच्याकडे ती उपासना दुपारी बाराला सुरू होऊन तीनपर्यंत चालते, आणि मनाला फार जड जाते. त्याच्या आधीचा झावळ्यांचा रविवार मात्र सुंदर असतो, लहान मुलं हातात झावळ्या घेऊन गात चालतात. तोपर्यंत थांबायचं नसेल तर येत्या रविवारीच या. मेसेज करा, मी फाटकाशी येऊन थांबते. काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय.