मारुतीला या भांडणात ओढू नका

'प्रत्येक भारतीयाने वाचावे व किमान दहा जणांना पाठवावे' अशा मथळ्याचा मेसेज मी एरवी उघडतही नाही. हा उघडावा लागला. आधी तो आमच्या नानांकडून (आईचे थोरले भाऊ, वय ७६, रोज सकाळी सहाला जास्वंदीचा फोटो) घरच्या ग्रुपवर आला. तिथून बहिणीने तो भाच्याच्या क्रिकेट क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर ढकलला. आणि रविवारी दुपारी तेरा वर्षांचा भाचा वरणभात कालवता कालवता मला म्हणाला, "मामा, म्हणजे समोरच्याला माकड म्हटलं तर चालतं ना? आपण तर मारुतीची पूजा करतो."

बहीण हसली. मला काही हसू आलं नाही.

मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत, थोडक्यात सांगतो. एक, आयसीसी (जगाचं क्रिकेट चालवणारी संघटना) फक्त भारतीय खेळाडूंना शिक्षा करते, बाकीच्यांना सोडते. दोन, २००१ साली सचिनवर चेंडू कुरतडल्याचा खोटा आळ घेऊन त्याला बंदी घातली. तीन, २००८ मध्ये सिडनीला हरभजन ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला काहीच बोलला नव्हता, म्हणून तो निर्दोष सुटला. आणि 'माकड' म्हणाला असता तरी आपल्या संस्कृतीत ती शिवीच नाही. चार, सँडपेपरवाले ऑस्ट्रेलियन फुकटात सुटले. पाच, गावसकरने १९८१ साली मेलबर्नला मैदान सोडून जसा बाणा दाखवला तसा आजच्या पोरांनी दाखवावा.

चौथा आधी उडवतो, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. मार्च २०१८, केपटाउन. चेंडू घासायचा तो पिवळा सँडपेपर ऑस्ट्रेलियाच्या बँक्रॉफ्टच्या पँटमध्ये कॅमेऱ्याने पकडला. आयसीसीने कर्णधार स्मिथला एका कसोटीची बंदी आणि पूर्ण मॅच फी एवढीच शिक्षा केली, बँक्रॉफ्टला ७५ टक्के फीचा दंड. गोष्ट इथेच संपली असती तर नाना, मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण खुद्द ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने स्मिथ आणि वॉर्नरला बारा-बारा महिने आणि बँक्रॉफ्टला नऊ महिने घरी बसवलं. त्या वर्षीची आयपीएलसुद्धा गेली. राजस्थानचं कप्तानपद स्मिथऐवजी आपल्या अजिंक्य रहाणेकडे आलं, तुम्हीच तेव्हा पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. याला फुकटात म्हणायचं?

पहिला मुद्दाही असाच. २०१०च्या लॉर्ड्स कसोटीत पैसे घेऊन नोबॉल टाकण्याच्या प्रकरणात सलमान बट, आसिफ आणि आमिर यांच्यावर आयसीसीने अनुक्रमे दहा, सात आणि पाच वर्षांची बंदी घातली (पहिल्या दोघांची काही वर्षं स्थगित), आणि इंग्लंडच्या कोर्टाने तिघांना तुरुंगात पाठवलं. त्याच वर्षी पर्थला आफ्रिदीने कॅमेऱ्यासमोर चेंडू सफरचंदासारखा चावला, दोन टी-ट्वेंटी गेले. 'ते पाकिस्तानी, गोऱ्यांचं बोला' असं येणारच, म्हणून दक्षिण आफ्रिकेचा ड्यू प्लेसी घ्या. तोंडात मिंटची गोळी ठेवून त्याच थुंकीने चेंडू चमकवला, २०१६ मध्ये अख्खी मॅच फी गेली.

उलट आपल्या माणसांना सगळ्यात कडक शिक्षा केली ती आपणच. अझरुद्दीनला २००० साली आजन्म बंदी कोणी घातली? बीसीसीआयने. (ती पुढे कोर्टात टिकली नाही, तो वेगळा विषय.) एप्रिल २००८ मध्ये मोहालीला मुंबई इंडियन्सच्या हरभजनने श्रीशांतच्या थोबाडीत मारली, श्रीशांत मैदानावर हुंदके देत उभा होता, सगळ्या देशाने पाहिलं. हरभजनची उरलेली अकरा सामन्यांची आयपीएल ज्या रेफरीने काढून घेतली तो कोण होता? फारूख इंजिनीअर. मुंबईत जन्मलेला, भारताचा विकेटकीपर. वर बोर्डाने पाच वनडेंची बंदी वेगळी घातली. थप्पड थांबवायला पुढे झाले नाहीत म्हणून आपल्या लालचंद राजपूतांनाही दंड झाला. यात गोरा माणूस शोधून दाखवा.

एक कबूल करतो, करायला जिवावर येतं तरी. शिक्षेचं माप प्रत्येक वेळी सारखं पडत नाही. २००८च्या दिल्ली कसोटीत गंभीरने धाव घेताना वॉटसनला कोपर मारलं, एका कसोटीची बंदी आली आणि तो नागपूरला खेळू शकला नाही. त्याला डिवचणारा वॉटसन दहा टक्के फीवर सुटला. कोपर मारणं आणि तोंड चालवणं यांत फरक आहे हे मान्य, पण दहा टक्के म्हणजे चहापाण्याचे पैसे. तेव्हा मीही चिडलो होतो.

आता सचिन. इथे नानांची बाजू अर्धी खरी आहे, म्हणून नीट सांगतो. नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथ. रेफरी माइक डेनेस, इंग्लंडचे माजी कर्णधार. एका कसोटीत त्यांनी सहा भारतीयांना शिक्षा केली: सेहवागला एका कसोटीची बंदी, आणि सचिन, गांगुली, हरभजन, शिवसुंदर दास, दीप दासगुप्ता यांना स्थगित बंदी. पोलॉकचा दक्षिण आफ्रिकेचा संघही घसा फाडून अपील करत होता, त्यांच्यातल्या एकालाही हात लागला नाही. डेनेस पत्रकार परिषदेत येऊन बसले आणि तोंड उघडेनात. तेव्हा रवी शास्त्रीने विचारलं होतं की उत्तरं द्यायची नाहीत तर हे इथे बसलेत कशाला. तो प्रश्न आजही रास्त आहे.

पण मेसेजमधलं वाक्य तरीही चूक आहे. सचिनला 'बंदी' बसलीच नाही. ती स्थगित होती, पुन्हा चूक केली तर लागू होणारी. आणि आरोप कुरतडल्याचा नव्हता. शिवणीत अडकलेलं गवत-माती त्याने अंपायरना न सांगता काढली, हा ठपका होता. नियम सोपा आहे: चिखल काढा, पण अंपायरच्या नजरेखाली. आमच्या मैदानावर शनिवारी खेळणारं पोरगंही चेंडू पुसायला अंपायरकडे घेऊन जातं. सचिनने फसवणूक केली असं म्हणणारा गाढव आहे, आणि त्याने नियम मोडलाच नाही असं म्हणणारा भक्त आहे.

त्यानंतर जे झालं ते मेसेजवाले कधी सांगत नाहीत. आपल्या बोर्डाचे अध्यक्ष दालमियांनी डेनेसना हटवा असा हट्ट धरला, दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डाने डेनेसना बाजूला केलं, आणि आयसीसीने सेंच्युरियनची पुढची कसोटी अनधिकृत ठरवली. सेहवागला बंदी भोगावीच लागली, ती पुढे मोहालीत इंग्लंडविरुद्ध. आणि बडोद्याचा कॉनर विल्यम्स. बिचारा सेंच्युरियनला सलामीला उतरला, देशासाठी खेळला, आणि कसोटीपटूंच्या यादीत त्याचं नाव नाही. ती कसोटीच नव्हती ना. बाण्याची किंमत त्याने मोजली. त्याच्यासाठी कोणी फॉरवर्ड काढत नाही.

आता तिसरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

सिडनी, जानेवारी २००८. हरभजन आणि सायमंड्सची जुंपली, रेफरी माइक प्रॉक्टर यांनी वांशिक शेरेबाजीचा आरोप मान्य करून तीन कसोटींची बंदी घातली. अपील न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यापुढे अ‍ॅडलेडला चाललं. त्यांचा लेखी निकाल मी अख्खा वाचला आहे. नानांनी वाचलेला नाही, मेसेज लिहिणाऱ्यानेही नाही, हे पैजेवर सांगतो.

हॅन्सन म्हणतात, 'माकड' हा शब्द उच्चारला गेला याची इतक्या गंभीर आरोपाला लागते तेवढी खात्री पटत नाही. म्हणून तो आरोप गेला, बंदी उठली. इथवर ठीक. पण 'काहीच बोलला नव्हता'? आईवरून शिवी घातली हे हरभजनने स्वतः कबूल केलं, आणि त्याबद्दल निम्मी मॅच फी कापली गेली. निर्दोष माणसाची फी कापत नाहीत. भांडण सायमंड्सने उकरलं हेही हॅन्सननी स्पष्ट लिहिलं आहे: हरभजनने ऑस्ट्रेलियाच्याच ब्रेट लीला गमतीने थाप मारली ती सायमंड्सला खुपली, आणि त्या वागण्यावर न्यायाधीशांनी त्याचे कान उपटले आहेत. म्हणजे निकाल एकतर्फी म्हणावा तर तसाही नाही. शिवाय शिक्षा ठरवताना हरभजनच्या आधीच्या चुकांची पूर्ण यादी आयसीसीने न्यायाधीशांपुढे ठेवलीच नाही. एकच ठेवली, पोर्ट एलिझाबेथवालीसुद्धा राहिली. या गलथानपणाचा फायदा त्याला मिळाला, तो नशीबवान, असं न्यायाधीशच लिहून गेले. आयसीसी भारतीयांच्या मुळावर उठली आहे म्हणता? इथे तर तिच्या ढिसाळपणानेच आपला माणूस वाचवला.

आणि आता मारुतीराया.

ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे सिडनीच्या आधी तीन महिने, बडोद्यात आणि मग आपल्या वानखेडेवर सायमंड्स दिसला की स्टँडमधून माकडाचे आवाज निघत होते. वानखेडेवरचा फोटो पेपरात छापून आला होता: चांगल्या घरची, टी-शर्ट घातलेली पोरं, काखा खाजवत, गाल फुगवून. सायमंड्सच्या जन्मदात्यांपैकी एकाचं मूळ वेस्ट इंडीजमधलं होतं. त्या संघात अकरा जण होते, माकड फक्त त्याच्यातच दिसलं. पाँटिंग दिसला की कोणी हूप हूप केलं नाही. ही भक्ती असेल तर ती रंग बघून कशी होते? शनिवारी तेल घालायला रांगेत उभे राहताना कोणी काखा खाजवतं का? 'माकडा, खाली उतर' असं आजी नातवाला म्हणते ते वेगळं आणि हजारो लोकांनी एका माणसाच्या कातडीकडे बोट दाखवून हूप हूप करणं वेगळं. हे कळायला संस्कृतीचा अभ्यास लागत नाही.

नसेल कळत तर जानेवारी २०२१ आठवा. तेच सिडनी. सीमारेषेवर सिराजला प्रेक्षकांतून घाण बोलत होते, आणि त्यात 'काळं माकड' हेही होतं, असं त्यानेच नंतर सांगितलं. वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते त्याचे. तो सरळ अंपायरकडे चालत गेला, रहाणे त्याच्यामागे उभा राहिला, खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. त्या दिवशी आपल्या याच ग्रुपवर नानांनी लिहिलं होतं, 'शाब्बास सिराज, या हरामखोरांना जेलमध्ये टाका.' मी मुद्दाम वर स्क्रोल करत जाऊन ते शोधून काढलं. मारुतीरायाचं नाव तेव्हा कोणी घेतलं नव्हतं.

उरला गावसकर. १९८१, मेलबर्न, लिलीच्या चेंडूवर पायचीत. बॅट लागली होती असं त्यांचं ठाम म्हणणं, वर लिली काहीतरी बोलला, आणि ते चेतन चौहानला घेऊन पॅव्हेलियनकडे निघाले. दाराशी संघाचे मॅनेजर विंग कमांडर दुराणी उभे होते. त्यांनी चौहानला परत पाठवलं. ते तिथे नसते तर सामना बहाल करावा लागला असता. पुढे ऑस्ट्रेलिया ८३त गुंडाळला गेला, कपिलने दुखऱ्या पायाने पाच काढले आणि आपण ५९ धावांनी जिंकलो. त्या वॉकआउटचा आपल्याला पश्चात्ताप होतो, हे गावसकरांनी स्वतः सांगितलं आहे. ज्याचा बाणा, तोच चूक झाली म्हणतो. तुम्ही मात्र पताका नाचवताय.

एवढं सगळं मी काल रात्री ग्रुपवर टाकलं, तीन भागांत, कारण एका मेसेजात वाचायला कोणी थांबत नाही. बहिणीने पालकांच्या ग्रुपवरचा तिचा मेसेज काढून टाकला. भाच्याशी वेगळं बोललो. रविवारी त्याची मॅच आहे आणि तो यष्टींमागे उभा असतो, म्हणजे तोंड त्याचंच सगळ्यात जास्त चालणार.

नानांचं उत्तर आज सकाळी आलं, जास्वंदीच्या खाली. "वाचले. पण डेनेस चुकलाच ना?"

चुकला, नाना. वर लिहिलंय.