‘आठवीनंतर गणित ऐच्छिक करा’ या मेसेजला एका गणित शिक्षिकेचं उत्तर

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले की मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: “अ अधिक ब चा वर्ग आयुष्यात कुणाच्या उपयोगी पडला? शाळेने टॅक्स, बँक, ईएमआय कधी शिकवलंच नाही. कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला गणित लागत नाही. परदेशात मुलं हवे ते विषय निवडतात. आता तर मोबाइल सगळं सोडवून देतो. मुलांचा छळ थांबवा, आठवीनंतर गणित ऐच्छिक करा. पटलं तर पुढे पाठवा.”

मी इथल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्याच विद्यार्थ्यांचे आईवडील असतात. मुलाची भीती त्यांनी घरात पाहिलेली असते, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. मात्र त्यावर सुचवलेला उपाय त्यांच्याच मुलांचं नुकसान करेल, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

“शाळेने टॅक्स, बँक शिकवलंच नाही.” घरात बालभारतीची पुस्तकं असतील तर काढून बघा. सहावी-सातवीत बँक व सरळव्याज आहे. आठवीत चक्रवाढ व्याज आहे, सूट व कमिशन आहे. नववीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचा धडा आहे आणि त्यात बचत, गुंतवणूक, आयकराची आकारणी येते. दहावीच्या भाग १ मध्ये त्याच नावाच्या धड्यात जीएसटी, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी हे सगळं उदाहरणांसकट आहे. ही पुस्तकं नववीला २०१७ पासून आणि दहावीला २०१८ पासून चालू आहेत. जे शिकवा म्हणून मागणी होते, ते ज्या विषयात शिकवलं जातं तोच विषय मेसेज काढून टाकायला सांगतो.

यातली तक्रार जिथे खरी आहे तिथे ती मान्य करते. अनेक वर्गांत हा धडा उरकला जातो. खरं बिल वर्गात आणून सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) वेगळे करून दाखवणं, पगाराच्या पावतीवरून कर काढून बघणं, हे व्हायला हवं आणि पुरेसं होत नाही. ही तक्रार घेऊन पालक शाळेत आले तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

“ईएमआय शिकवा, बीजगणित नको.” मेसेजमधली सर्वांत घातक समजूत ही आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाते. समजा एक लाखाचं कर्ज मिळतंय, ‘१२ टक्के फ्लॅट, मुदत दोन वर्षं’, म्हणजे दोन्ही वर्षं व्याज मूळच्या पूर्ण रकमेवर. व्याज २४,००० रुपये, एकूण परतफेड १,२४,०००, महिन्याचा हप्ता सुमारे ५,१६७. ऐकताना दर बारा टक्केच वाटतो. पण पूर्ण एक लाख रुपये तुमच्याकडे दोन वर्षं राहतात कुठे? मुद्दल दर महिन्याला फिटत जातं. ते २४ समान भागांत फिटतं असं धरलं, तर तुमच्याकडे राहिलेली रक्कम पहिल्या महिन्यात १,००,०००, दुसऱ्यात ९५,८३३, तिसऱ्यात ९१,६६७, असं उतरत शेवटच्या महिन्यात ४,१६७ होते. ही अंकगणिती श्रेढी आहे, दहावीच्या भाग १ मधली. पहिलं आणि शेवटचं पद मिळवून निम्मं केलं की सरासरी येते, सुमारे ५२,०८३. म्हणजे सरासरी ५२,०८३ रुपये वापरण्यासाठी तुम्ही वर्षाला १२,००० रुपये व्याज भरताय. दर झाला २३ टक्के. हप्ता समान असल्यामुळे मुद्दल सुरुवातीला कमी आणि नंतर जास्त फिटतं. तेही धरून काटेकोर हिशेब केला तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास बसतो.

बारा आणि साडेएकवीस यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याला ईएमआय ‘माहीत’ असून काय उपयोग? आणि तो दिसायला श्रेढी लागते, शेकडेमान लागतं, अज्ञात दराला अक्षर देऊन समीकरण मांडायची सवय लागते. मोबाइल, फ्रीज, स्कूटर हप्त्यावर घेणारी या शहरातली कितीतरी घरं माझ्या वर्गातल्या मुलांची आहेत. त्या घरांतल्या एकाला तरी हा हिशेब करता यावा, यासाठी मी नववी-दहावीत धडपडते.

“कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला गणित लागत नाही.” अकरावी कॉमर्सला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेता येतं, ही गोष्ट खरी. पुढे काय होतं ते मेसेज सांगत नाही. सीएच्या फाउंडेशन परीक्षेत चारपैकी एक पेपर व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, १०० गुणांचा. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला पहिल्या वर्षी अनेक वर्षं गणिती व संख्याशास्त्रीय तंत्रांचा पेपर होता, आणि एसपी घेऊन आलेली मुलंही त्याला बसत. आर्ट्सला जाऊन मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेतलं तर संख्याशास्त्र समोर येतंच. आयटीआयच्या फिटर, टर्नरसारख्या ट्रेडना ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ हा विषय असतो आणि त्यात क्षेत्रफळ, घनफळ, त्रिकोणमिती आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलात तर पहिल्याच सत्रात गणित आहे.

नोकरीच्या परीक्षांचं चित्रही तेच. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. बँकेतल्या क्लार्कच्या आयबीपीएस पूर्व परीक्षेत १०० पैकी ३५ गुण संख्यात्मक क्षमतेचे आहेत. लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचे ३०० गुण आहेत. तेराव्या वर्षी गणित सोडलेल्या मुलाने एकोणिसाव्या वर्षी या परीक्षांना कशाच्या बळावर बसायचं? क्लास लावून, असं कुणी म्हणेल. त्या क्लासची फी कोण भरणार, हा प्रश्न आमच्या वस्तीत पहिला येतो.

“परदेशात मुलं हवे ते विषय निवडतात.” इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत गणित सगळ्यांना आहे. जीसीएसईला, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेला, दोन पातळ्या असतात, फाउंडेशन आणि हायर. निवड पातळीची होते, विषय सोडता येत नाही. अमेरिकेत साधारणपणे आधी बीजगणित, मग भूमिती, मग पुढचं बीजगणित असा क्रम असतो आणि कोणत्या इयत्तेत काय घ्यायचं यात लवचीकता असते. याच लवचीकतेवरून सॅन फ्रान्सिस्कोत मोठा वाद झाला. तिथल्या सरकारी शाळांनी २०१४ च्या सुमारास आठवीतलं बीजगणित काढून सगळ्यांना ते नववीतच द्यायचं ठरवलं. हेतू चांगला होता, मुलांमधली दरी कमी करायची. पण ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलांना बाहेर पैसे भरून बीजगणित शिकवलं, आणि २०२४ च्या मार्चमध्ये मतदारांनी ते आठवीत परत आणा असा कौल दिला. मुंबईत वेगळं काय होईल? गल्लोगल्ली क्लास आहेत. शाळेतून गणित गेलं तर ते क्लासमध्ये राहील, पैसे भरणाऱ्यांसाठी.

पातळी निवडण्याची सोय आपल्याकडेही आहे. सीबीएसईने दहावीसाठी २०२० च्या परीक्षेपासून ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन प्रश्नपत्रिका सुरू केल्या. अभ्यासक्रम एकच, काठिण्य वेगळं. राज्य मंडळाने या धर्तीवर विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

“मोबाइल सगळं सोडवून देतो.” मोबाइलला काय विचारायचं आणि आलेलं उत्तर शक्यतेच्या कोटीतलं आहे का, हे माणसालाच कळावं लागतं. वरच्या कर्जात फ्लॅट दराने हप्ता काढून द्या म्हणालात तर मोबाइल ५,१६७ हे बरोबर उत्तर देईल आणि तुम्ही सही कराल.

“मुलांचा छळ थांबवा.” छळ होतो, हे मी नाकारत नाही. पायऱ्या पाठ करून घेणं, चुकलेल्या मुलीला फळ्यासमोर उभं ठेवणं, प्रमेयाची सिद्धता न समजता दहा वेळा लिहायला लावणं, हे वर्गांत घडतं आणि ते बंदच व्हायला हवं. ज्या मुलांना खरोखर गणिती अक्षमता आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सवलती आहेत. मुंबईत सायनसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. अनेक पालकांपर्यंत ही माहिती पोचत नाही. फिरवायचाच असेल तर मेसेज याचा फिरवा.

बाकीच्या मुलांची अडचण बहुतेक वेळा पाचवी-सहावीतल्या अपूर्णांकात आणि ऋण संख्यांत अडकलेली असते. आठवीत समीकरण आलं की ती उघडी पडते, आणि दोष बीजगणिताला लागतो. अशा मुलाला विषय सोडायला सांगणं म्हणजे राहिलेली दुरुस्ती कायमची टाळणं. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद गाजली होती: दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवरही पुढे जाता येईल, पण या विषयांचं पुढचं शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर येईल. नापासाचा शिक्का टळावा ही भावना मला पटते. मात्र तो शेरा वयाच्या सोळाव्या वर्षी लागेल. मेसेजची मागणी मान्य झाली तर तेच तेराव्या वर्षी होईल, आणि गुणपत्रिकेवर दिसणारही नाही.

पुढच्या पालकसभेला याल तेव्हा दोन गोष्टी नक्की विचारा. अर्थनियोजनाच्या धड्याला या वर्षी किती तासिका दिल्या? आणि आठवीत आलेल्या मुलांचे अपूर्णांक कच्चे असतील तर शाळेच्या वेळेत ते पुन्हा शिकवण्याची काय सोय आहे? माझ्या शाळेत विचाराल तर दुसऱ्या प्रश्नावर आमच्याकडे आज धड उत्तर नाही. तुम्ही विचारलंत तर ते द्यावं लागेल.