‘डायर’ म्हणजे नेमके किती वाईट?

अतिवृष्टीने यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीन सडले, त्या बातमीत एका इंग्रजी दैनिकाने शेतकऱ्यांची स्थिती ‘डायर’ (dire, म्हणजे अत्यंत बिकट) असल्याचे छापले आणि आमच्या नातेवाइकांत वाद पेटला. घाटंजीचे आमचे भाऊजी इंग्रजी शिकवतात. त्यांच्या मते हा शब्द युद्धाला आणि उपासमारीलाच शोभतो, इथे तो वापरल्याने जिल्ह्याची बदनामी होते. मामेभावाला तर डायर म्हटले की जालियनवाला बागच आठवते.

लीड्समध्ये बसून हे वाचताना माझी चिडचिड होते. येथे शनिवारचा सामना गोलशून्य सुटला किंवा पबमधले चिप्स मऊ निघाले, तरी लोक सहज ‘डायर’ म्हणतात. तेव्हा या शब्दाचा इतका धाक बाळगण्याचे कारण नाही. पण त्याचा मूळ अर्थ भाऊजी सांगतात त्याहून वेगळा आणि अधिक नेमका आहे. ‘अपशकुनी, भयसूचक’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला आणि ‘डायर वॉर्निंग’ या प्रयोगात ती छटा अजून टिकून आहे: आज वाईट आहेच, पुढे आणखी वाईट होणार. शेंगांनाच कोंब फुटले, पऱ्हाटीची बोंडे काळी पडली आणि पीककर्ज तसेच राहिले, तर याला दुसरे काय म्हणावे?

अतिशयोक्तीची भीती तर आपण मुळीच बाळगू नये. राज्य सरकारने २०१८ मध्ये आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर केली, आणि हवामान खात्याने २०१६ मध्ये ‘दुष्काळ’ हा शब्दच वापरातून काढून टाकला. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा ‘सदृश’ लावण्याची गरज कुणाला भासली नाही. आमचे नुकसान म्हणाल तर हिरवळ पिवळी पडली आणि बागेला नळीने पाणी घालणे बंद झाले. (येथील शेतकऱ्यांचे काय झाले, याची चौकशी मी केली नाही.)

ऑफिसात कुणी घरची चौकशी केली की मीही ‘डायर’ म्हणतो, समोरचा मान हलवतो आणि किटली लावतो. भावाशी फोनवर बोलताना मात्र तो शब्द जिभेवर येत नाही. ‘काही खरं नाही’ एवढेच तो म्हणतो, आणि सातबाऱ्यावर माझेही नाव असून त्यात भर घालण्याचा अधिकार मला वाटत नाही. भाऊजींना अजून उत्तर पाठवलेले नाही. पाठवले तर पंचनाम्याच्या दिवशी वावरात कोण उभे होते, हे ते नक्की विचारतील.