चौथीच्या वर्गातील वादविवाद : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळेतील मुलांना भाषण आणि वादविवाद शिकवावा, अशी मांडणी करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण स्वतः दीर्घकाळ शिक्षिका होतात, त्यामुळे आपले आक्षेप वर्गाच्या अनुभवातून आलेले आहेत. ते थोडक्यात असे : आठ-नऊ वर्षांच्या मुलांना स्वतःची मते नसतात, ती घरी ऐकलेलेच बोलतात, न पटणारी बाजू मांडायला लावणे म्हणजे खोटे बोलण्याची सवय लावणे, अशी मुले मोठ्यांना उलट उत्तरे देऊ लागतात, धीट मुले पुढे जातात आणि बुजरी अधिकच मिटून जातात, आणि वाचन-लेखन कच्चे असताना या गोष्टींना वेळ देणे परवडत नाही.

आपण वर्णन केलेले मूल मीही अनेकदा पाहिले आहे. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंतीनिमित्त, किंवा ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला ते व्यासपीठावर येते, ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग’ अशी सुरुवात करते आणि आईने किंवा बाईंनी लिहून दिलेला मजकूर एका दमात म्हणते. मधले एक वाक्य आठवले नाही तर पुढचे सारे भाषण थांबते, कारण त्या वाक्यांना जोडणारा विचार त्या मुलाचा नसतो. परीक्षक पाठांतर, आवाजातील चढउतार आणि हावभाव यांना गुण देतात, आणि ज्या मुलाच्या घरी भाषण लिहून देणारे कोणी नाही ते मूल स्पर्धेआधीच मागे पडलेले असते. मुले दुसऱ्यांचे बोल बोलतात हा आपला आक्षेप या प्रकाराला पूर्णपणे लागू पडतो. त्यात विषयांचाही दोष आहे. ‘विज्ञान शाप की वरदान’ या विषयावर तिसरीतल्या मुलाने स्वतःच्या अनुभवातून काय सांगावे? त्याला उसने बोलण्यावाचून गत्यंतर नसते.

मात्र मुलाच्या रोजच्या जगण्यातला विषय दिला की चित्र बदलते. माझ्या चौथीच्या वर्गात ‘मोठ्या सुट्टीत मैदानावर क्रिकेट खेळू द्यावे का’ या विषयावर बोलणे चालले होते. नियम एकच होता : आधीच्या मुलाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगायचे, ‘बरोबर सांगितले का?’ असे त्याला विचारायचे, त्याने होकार दिला तरच आपले मत मांडायचे, आणि ते मांडताना ‘कारण’ सांगायचे. एक मुलगी म्हणाली की पहिलीच्या मुलांना चेंडू लागतो, म्हणून सगळीकडे खेळू नये. पुढच्या मुलाने तिचे म्हणणे सांगितले, “ही म्हणते क्रिकेट बंद करा.” ती लगेच म्हणाली, “मी बंद करा म्हटलंच नाही, एका बाजूला खेळा म्हटलं.” त्याला तिचे म्हणणे पुन्हा सांगावे लागले. या वेळी त्याने ते नीट सांगितले, आणि सांगता सांगताच त्याच्या लक्षात आले की एका बाजूला खेळण्याला त्याचा विरोध नव्हताच. त्यानंतर चर्चा बाजू कोणती असावी, सीमारेषा कुठे आखावी, चेंडू रबरी असावा की टेनिसचा, या प्रश्नांकडे वळली आणि आतापर्यंत गप्प असलेली मुलेही बोलू लागली, कारण मैदानाचा कोणता कोपरा कोणाच्या वापरात असतो हे त्यांना नेमके ठाऊक होते. ही मते त्या मुलांचीच होती, आणि ती तपासून पाहण्याची कुवतही त्यांच्यात होती. मी ज्याला या वयातील वादविवाद म्हणते तो एवढाच आहे, आणि त्यातला मोठा भाग बोलण्याचा नसून ऐकण्याचा आहे.

खोटे बोलण्याविषयीचा आपला आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्याकडील न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कविचाराच्या प्राचीन परंपरेने, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार फार पूर्वीच वेगळे केले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा तो वाद, कसेही करून जिंकण्यासाठी केलेली ती जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणे ती वितंडा. चिठ्ठी टाकून बाजू वाटायची, मिनिटे मोजायची आणि शेवटी विजेता जाहीर करायचा ही पद्धत लहान वयात आणली, तर मुले जल्पच शिकतील, ही आपली भीती खरी आहे. म्हणून माझ्या वर्गात बाजू वाटून दिल्या जात नाहीत. जमिनीवर खडूने एक रेघ आखलेली असते. मूल आपल्या मताप्रमाणे तिच्या अलीकडे किंवा पलीकडे उभे राहते आणि चर्चा चालू असताना दुसऱ्याचे कारण पटले तर रेघ ओलांडून जाते. ओलांडणाऱ्याने कोणते कारण पटले ते सांगायचे असते, आणि त्यासाठी त्याला कोणीही हरलेला म्हणत नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणे मांडण्याचा सराव मी वर्षाच्या उत्तरार्धात देते, तोही ‘हे त्यांचे म्हणणे आहे, ते मला असे समजले’ अशा उघड शब्दांत. त्यात खोटेपणा नाही. दुसऱ्याला काय वाटते हे प्रामाणिकपणे सांगता येणे आणि आपल्याला जे वाटत नाही ते वाटते असे भासवणे यांत असलेले अंतर मुलांना समजते.

उलट उत्तरांबद्दल म्हणाल, तर ‘मला पटत नाही’ या वाक्यापुढे ‘कारण’ जोडायला शिकलेले मूल घरीही तसे बोलते, हे खरे आहे. काही पालकांना ते रुचत नाही. परंतु शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रमाने मुलाला भयमुक्त करावे आणि त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे असे म्हटले आहे. तेव्हा ही एखाद्या हौशी शिक्षिकेची आवड राहत नाही. आदळआपट करणारे मूल आणि कारण सांगून नकार देणारे मूल यांना आपण एकाच शब्दाने उद्धट म्हणतो, याचे मला वाईट वाटते.

बुजऱ्या मुलांविषयीची आपली काळजी माझीही आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक साधारणपणे एक सेकंदच थांबतात. ही वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. त्याशिवाय, बुजऱ्या मुलाला आरंभी सगळ्या वर्गासमोर उभे करूच नये. त्याने आधी शेजारच्या मुलाला सांगावे, मग चौघांत, आणि वर्गासमोर त्याची स्वतःची तयारी झाल्यावर. मात्र अनेक मुले बुजरी नसतात, त्यांना आपण गप्प केलेले असते. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा वारली बोलणारे मूल ‘पानी’ म्हणाले की आपण तत्क्षणी ‘पाणी’ असे सुधारतो. एक-दोनदा असे झाले की ते मूल बोलणेच टाळते. चर्चा चालू असताना मी उच्चार सुधारत नाही. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, पण त्यासाठी वेगळा तास आहे, आणि मुलाने महत्प्रयासाने मांडलेले कारण त्या दुरुस्तीखाली दडपले जाऊ नये.

“पूर्वीच्या मोठ्या वक्त्यांना कोणी तिसरीत शिकवले होते?” असे आपण विचारले आहे. तिसरीत नाही, पण वक्तृत्व आपोआप येते असे त्या पिढ्यांनीही मानले नव्हते. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, तिथे ते निबंध वाचत आणि त्यांवर चर्चा करत. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. ते सारे तरुण किंवा प्रौढ होते, हे मान्य. ऐकण्याची आणि कारण देण्याची सवय मात्र तितकी वर्षे थांबवून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

वेळेचा प्रश्न उरतो. यासाठी स्वतंत्र तासिका मी मागत नाही. परिसर अभ्यासात गावातील पाण्याविषयी शिकवताना, गणितात एकच उदाहरण दोन रीतींनी सोडवलेले असताना, किंवा परिपाठात बातमी वाचून झाल्यावर ‘तुला काय वाटते आणि का’ हा प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात. जोड्यांमध्ये बोलणे असले की तीस मुलांच्या वर्गात एकाच वेळी पंधरा मुले बोलत असतात. लेखनाचाही यात लाभ होतो, कारण जे कारण मुलाने तोंडी दोनदा सांगितले आहे ते वहीत उतरवताना त्याला शब्दांसाठी अडावे लागत नाही.

आंतरशालेय स्पर्धांना चौथीपर्यंतची मुले पाठवू नयेत, या आपल्या सूचनेशी मी सहमत आहे. त्यांना पाठवायचेच झाले, तर विषय आयत्या वेळी द्यावा, तो मुलांच्या अनुभवातला असावा आणि गुणपत्रिकेत ‘इतरांचे म्हणणे किती नेमके सांगितले’ याला पाठांतराच्या जागी स्थान मिळावे, अशी विनंती आयोजकांना करावी लागेल. आपला या क्षेत्रातील अधिकार मोठा आहे. आपण अशा विनंतीत सहभागी झालात तर तिचा मसुदा मी आनंदाने आपल्याकडे पाठवीन.