नदीच्या वरच्या अंगाला, नदीच्या खालच्या अंगाला

सिंधू पाणीवाटप करार भारताने २३ एप्रिल २०२५ रोजी स्थगित केला. त्यानंतर हेगच्या लवाद न्यायालयाने जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पाकिस्तानच्या बाजूचे निवाडे दिले आणि भारताने ते साफ फेटाळले. या घडामोडींवर सांगलीच्या माझ्या एका शाळासोबत्याशी फोनवर बोलताना तो म्हणाला, "करार दुबळ्यांसाठी असतात. हेगच्या कोर्टाला विचारतो कोण? पाणी वरनं येतंय, नळ आपल्या हातात आहे." मी काही बोलू लागताच त्याने मला थांबवले. "तू तिकडं हॉलंडात बसून आम्हाला शहाणपण शिकवू नकोस." वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांतही हाच सूर ऐकू येतो आणि तिथे तो मला सहन होतो, कारण ती माणसे माझी नाहीत. मित्राच्या तोंडून तो ऐकल्यापासून मात्र माझे मन स्वस्थ नाही.

आधी त्याच्याशी जिथे माझे जुळते ते सांगतो. पहलगामला २६ माणसे मारली गेली आणि त्यांत डोंबिवली, पनवेल व पुण्याची माणसे होती. तो राग केवळ भारतात राहणाऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सही केलेल्या या कराराने सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील नद्या मुख्यतः पाकिस्तानला दिल्या आणि रावी, बियास, सतलज भारताकडे ठेवल्या. एकूण पाण्याचा पाचवा हिस्सा घेऊन वरच्या अंगाच्या देशाने समाधान मानले, असे औदार्य जगात क्वचितच दिसते. १९६५, १९७१ आणि १९९९ ही तिन्ही युद्धे या कराराने पचवली. त्यामुळे आता तरी त्याच्या अटी नव्याने लिहाव्यात, ही भारताची जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ च्या नोटिशींमधली मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. करारातच तरतूद असलेल्या तटस्थ तज्ज्ञासमोर प्रकरण चालू असताना त्याच प्रश्नावर समांतर लवाद नेमणे कराराच्या चौकटीत बसत नाही, या भारताच्या आक्षेपातही मला वजन दिसते. दबावाचे साधन म्हणून दिलेली स्थगिती मी समजू शकतो. मला अमान्य आहे ते फक्त मित्राचे पहिले वाक्य, आणि ते वाक्य आता सरकारी भूमिकेपेक्षा कितीतरी पुढे गेले आहे.

नळ आपल्या हातात आहे हे तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. चिनाबवरचे बगलिहार आणि सलाल हे प्रकल्प वाहत्या पाण्यावर वीज करणारे आहेत. त्यांच्या जलाशयांत काही दिवसांचे पाणी मागेपुढे करता येते, हंगामभराचे अडवता येत नाही. पश्चिमेकडील नद्यांवर ३६ लाख एकर-फूट पाणी साठवण्याची मुभा याच कराराने भारताला दिली होती आणि साठ वर्षांत आपण ती वापरली नाही. रावीचे पाणी तर संपूर्ण आपले होते, तरी पंजाब आणि जम्मू-काश्मीर यांच्या वादात शाहपूर कंडीचे धरण वर्षानुवर्षे रखडले आणि ते २०२४ पर्यंत पूर्ण झाले नाही, तोवर त्यातले काही पाणी पाकिस्तानात वाहत राहिले. करार फाडण्याच्या गर्जनेपेक्षा करारात मिळालेले आधी बांधून काढण्याची मागणी मित्राने केली असती, तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

मी नेदरलँड्समध्ये नायमेखनला, ऱ्हाइनचा फाटा असलेल्या वाल नदीच्या काठी राहतो. इथे नदीकडे पाहण्याची दृष्टी खालच्या अंगाच्या माणसाची आहे, कारण ऱ्हाइनचे पाणी स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनीत जे काही सोसून येते, ते शेवटी आमच्या दारात पोहोचते. हिवाळ्यात पाऊस थांबेना झाला की लोक सीमेवरच्या लोबिथचा पाणीपातळीचा आकडा पाहतात, जसा सांगलीत आयर्विन पुलाखालचा पाहतात. १९९५ मध्ये या भागातून अडीच लाखांच्या आसपास माणसे हलवावी लागली होती. त्यानंतर लेंटचा बांध मागे सरकला, घरे उठली, नदीला जागा मिळाली आणि त्यासाठी वाटरस्खापचे, म्हणजे स्थानिक जलमंडळाचे, बिल आम्ही दर वर्षी भरतो. पण बांध कितीही मागे नेला तरी कोलोनच्या वर काय घडते यावर आमचा ताबा नाही, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

ऱ्हाइनच्या मिठाची गोष्ट मित्राला मी सांगू शकलो नाही, म्हणून इथे सांगतो. अल्सासमधल्या पोटॅशच्या खाणी आपले टाकाऊ मीठ ऱ्हाइनमध्ये सोडत आणि ते पाणी खाली येऊन वेस्टलांडच्या काचघरांतली पिके व शहरांचे पिण्याचे पाणी नासवत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून नेदरलँड्स याची तक्रार करत होते. १९७६ मध्ये बॉन येथे करार झाला, तर १९७९ मध्ये फ्रान्सच्या सरकारने तो आपल्या संसदेतून मागे घेतला. तेव्हा नेदरलँड्सने पॅरिसमधला आपला राजदूत परत बोलावला, म्हणजे राग कसा दाखवावा हे याही लोकांना कळते. पण राग दाखवून ते टेबलावरून उठून गेले नाहीत. करार १९८५ मध्ये अमलात आला आणि त्याच्या खर्चाची वाटणी ३० टक्के फ्रान्स, ३० टक्के जर्मनी, ६ टक्के स्वित्झर्लंड आणि ३४ टक्के नेदरलँड्स अशी झाली. ज्याचे पाणी नासले त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलला. या अन्यायाबद्दल इथे कोणी अश्रू ढाळत नाही, कारण मीठ कमी झाले. हिशेबाचा शेवटचा तंटा २००४ मध्ये लवादाने निकाली काढला, आणि तो लवादही हेगचाच होता.

यावर मित्राचे उत्तर मला ठाऊक आहे. फ्रान्सने इथे बंदूकधारी पाठवले नव्हते. ही तुलना तिथे लंगडी पडते, हे मान्य करतो. तरीही जर्मन विमानांनी १४ मे १९४० रोजी रॉटरडॅमचे मधले शहर जाळून टाकले आणि त्याच जर्मनीबरोबर ऱ्हाइनच्या संरक्षणाचा आयोग १९५० मध्ये बाझेलला स्थापन झाला, तेव्हा मध्ये फक्त दहा वर्षे गेली होती, ही गोष्ट मला विसरता येत नाही. त्या जर्मनीचा पराभव झाला होता आणि पाकिस्तानच्या लष्कराचा तसा पराभव झालेला नाही, हा फरक मोठा आहे. त्या फरकामुळे कराराच्या अटी अधिक कठोर असायला हव्यात, हे मी मानतो. करार नसावा, असे त्यातून निघत नाही.

आणि हे सांगताना मी डच लोकांच्या सद्गुणांचा भाट झालो आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. इथले सहकारी जेवणाच्या सुट्टीत ब्रोडयं (पावाचे सँडविच) हाती घेऊन भारताने आंतरराष्ट्रीय कायदा पाळावा असे सांगू लागतात, तेव्हा मी त्यांना इंडोनेशियाची आठवण करून देतो. १९४७ आणि १९४८ मध्ये यांनीच तिथे सैन्य घुसवले आणि त्याला 'पोलिसी कारवाई' हे नाव दिले. तेव्हा नुकत्याच स्वतंत्र होत असलेल्या भारताने ऑस्ट्रेलियासोबत तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला, डच विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली आणि जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली. त्याच वर्षी २७ डिसेंबरला नेदरलँड्सला सार्वभौमत्व सोडावे लागले. ते सांगताना माझा आवाज चढतो आणि चढू नये असे मला वाटतही नाही. फौजेच्या बळावर नव्हे, तर परिषदा, ठराव आणि परस्परांच्या साथीच्या बळावर एका दरिद्री, नवख्या देशाने बलाढ्य युरोपीय सत्तेला मागे सरकवले, हा आपला वारसा आहे, आणि मित्राच्या मते तो दुबळ्यांचा उद्योग ठरतो.

हेगच्या कोर्टाला विचारतो कोण, या प्रश्नाचे उत्तर तर सांगलीतच आहे. सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, तेव्हा भारत हेगला गेला. १८ मे २०१७ रोजी तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने फाशी थांबवली आणि १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने दूतावासाशी संपर्काच्या हक्काबाबतच्या व्हिएन्ना कराराचा भंग केला असा निकाल दिला. नागपूरच्या हरीश साळवे यांनी ते प्रकरण एक रुपया मानधनावर लढवले, याचे त्या वेळी घराघरांत कौतुक झाले होते. जाधव अजून सुटलेले नाहीत, त्या निकालाने त्यांची सुटका केलीही नव्हती. पण त्यांची फाशी थांबली ती आपल्या तोफांमुळे नव्हे, तर दोन्ही देशांनी कधीतरी सही केलेल्या एका कागदामुळे. २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर हेगच्याच लवादाने बांगलादेशला दिले आणि भारताने तो निवाडा स्वीकारला. त्याने भारत लहान झाला असे मला कधी वाटले नाही.

मित्राचा ऊस ज्या कृष्णेच्या पाण्यावर उभा आहे, तिच्यातले ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला बच्छावत लवादाने दिले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत त्याचे लक्ष कोयनेच्या विसर्गाकडे जेवढे होते तेवढेच अलमट्टीच्या दरवाजांकडे होते, आणि कर्नाटकाने महाराष्ट्राशी बोलून निर्णय घ्यावा, एकतर्फी घेऊ नये, असे तो तेव्हा पोटतिडकीने सांगत होता. तेव्हाचे त्याचे म्हणणे मला आजच्या म्हणण्यापेक्षा खरे वाटते.

आता हॉलंडात बसून शहाणपण शिकवू नकोस, या त्याच्या वाक्याविषयी, कारण खरे दुखणे तिथे आहे. माझ्याकडे नेदरलँड्सचा पासपोर्ट आहे. तो घेताना भारताचा सोडावा लागला आणि त्याच्या जागी ओसीआयचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचे, कार्ड आले, ज्यावर मतदानाचा हक्क नाही. वाटरस्खापच्या निवडणुकीत वाल नदीच्या बांधासाठी किती खर्च व्हावा यावर मी मत देतो. कृष्णेची पूररेषा कुठे आखावी यावर मला मत देता येत नाही. या नदीच्या पुरात माझे घर भिजू शकते, त्या नदीच्या पुरात माझ्या आईच्या घराची ओल अजून भिंतीत आहे. मित्र म्हणतो त्यात एवढे सत्य नक्कीच आहे की चुकीच्या निर्णयाची किंमत मी मोजणार नाही, तो मोजेल. पण माझे इथले राहणे, काम करणे, आईला भेटायला जाणे-येणे, सारे दोन देशांनी एकमेकांना दिलेल्या शब्दांवर उभे आहे. म्हणून शब्द मोडण्याची भाषा ऐकली की ती मला माझ्याच विरुद्ध बोलल्यासारखी वाटते. हे मी नाकारत नाही. त्यामुळे माझे म्हणणे खोटे मात्र ठरत नाही.

कारण सिंधूवर आपण वरच्या अंगाला आहोत, पण ब्रह्मपुत्रेवर खालच्या अंगाला आहोत. तिबेटमध्ये मेडॉगजवळ ६०,००० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम चीनने जुलै २०२५ मध्ये सुरू केले. ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची माहिती देण्याचा सामंजस्य करार २०२३ मध्ये संपला. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव चालू होता तेव्हा तर करार हयात असूनही चीनने पावसाळ्यातली माहिती दिली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले तेव्हा आणीबाणीच्या वेळी माणुसकीच्या भूमिकेतून माहिती देऊ, एवढे आश्वासन मिळाले. दिब्रुगडच्या शेतकऱ्याला पुराची आगाऊ सूचना हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून मिळणार आहे. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय जलप्रवाह कराराच्या विरोधात चीनने मत दिले होते, आणि आपण तेव्हा तटस्थ राहिलो होतो. उद्या भारत बीजिंगकडे ब्रह्मपुत्रेचा बांधील करार मागेल तेव्हा समोरून सिंधूकडे बोट दाखवले जाईल. ते दाखवता येऊ नये यासाठी ऑगस्ट २०२४ च्या नोटिशीतल्या मागण्यांचा पूर्ण मसुदा करारात बदल करण्याची वाट देणाऱ्या बाराव्या कलमाखाली भारताने स्वतःहून जाहीरपणे मांडावा आणि दहशतवाद थांबल्याखेरीज सही होणार नाही ही अट त्याच मसुद्यात लिहावी.